कण्हदासाचा उजवा हात

३३ वर्षे मी इतिहास शिकवला. त्यांतली बहुतेक वर्षे मी फळ्यावर एक वाक्य लिहीत आलो : 'सातवाहन काळात पितळखोऱ्याची लेणी कोरली गेली.' मुले ते वहीत उतरवून घेत, परीक्षेत लिहीत आणि मी त्याला गुण देत असे. 'कोरली गेली' या कर्मणी प्रयोगातला कर्ता कोठे आहे, हे मुलांनी मला कधी विचारले नाही आणि मीही स्वतःला विचारले नाही. मी कन्नड तालुक्यातला. पितळखोरा माझ्याच तालुक्यात. चळवळीच्या मांडवात वाढलेला, मिलिंद महाविद्यालयाच्या वर्गांत बसलेला, 'इतिहास कोणी लिहिला आणि कोणासाठी लिहिला' यावर तासभर बोलू शकणारा असा मी माणूस. त्या माणसाच्या फळ्यावर हे वाक्य वर्षानुवर्षे राहिले. ही कबुली आधीच देऊन ठेवतो, कारण पुढे जे लिहिणार आहे त्यात पहिला आरोपी मीच आहे.

निवृत्तीनंतर मागच्या हिवाळ्यात मुलीकडे दिल्लीला गेलो होतो. ती म्हणाली, "बाबा, आयुष्यभर तुम्ही लोकांना सांगितलंत. एक दिवस तुम्ही ऐका." तिने राष्ट्रीय संग्रहालय पाहण्यासाठी एक खाजगी गाइड ठरवली होती. दोन तास, फक्त आम्हा दोघांसाठी. त्याचे किती पैसे दिले हे तिने सांगितले तेव्हा मला माझा पहिला पगार आठवला. आमच्या घरात पैसे मोजून कोणी कला समजावून घेतली नव्हती. माझ्या आजोबांच्या पिढीला मूर्ती पाहायला मिळायची ती रस्त्यावरून, पालखीत, अंगावर सावली पडणार नाही इतक्या अंतरावरून. नाशिकला काळाराम मंदिराच्या दारात १९३० पासून पाच वर्षे सत्याग्रह चालला, तो त्या दारातून आत जाण्याच्या हक्कासाठी. मूर्तीचे शिल्पसौंदर्य वगैरे गोष्टी फार पुढच्या. संग्रहालयात तिकीट काढले की त्याच मूर्तीसमोर हातभर अंतरावर उभे राहता येते, आणि कोणी कूळ विचारत नाही. आधुनिक काळाने आम्हाला दिलेल्या मोजक्या सार्वजनिक जागांपैकी ही एक आहे. तिची किंमत मी कमी लेखत नाही. पण दार उघडल्यावर आत जे सांगितले जाते ते काय असते, हा प्रश्न उरतोच.

गाइड म्हणून आलेली मुलगी माझ्या मुलीच्याच वयाची. कलेतिहासात एम. ए. झालेली, बोलण्यात ठामपणा, डोळ्यांत खरी आवड. तिने सुरुवात चांगली केली. स्वातंत्र्याच्या वेळी, १९४७-४८ च्या हिवाळ्यात, लंडनच्या रॉयल अकादमीत भारतीय कलेचे मोठे प्रदर्शन भरले. त्यासाठी देशभरातून गेलेल्या वस्तू परत आल्या तेव्हा त्या आपापल्या ठिकाणी धाडण्याऐवजी दिल्लीत राष्ट्रपती भवनात मांडल्या गेल्या, आणि १५ ऑगस्ट १९४९ रोजी राष्ट्रीय संग्रहालय सुरू झाले. जनपथावरची आताची इमारत १९६० सालची. नव्या राष्ट्राला आपला पूर्वज कोण हे दाखवायचे होते, असे ती म्हणाली. मला ते वाक्य आवडले. पूर्वजांची निवड ही राष्ट्राच्या पहिल्या कामांपैकी एक असते, हे तिला कळत होते.

आरंभ मोहेंजोदडोच्या दालनापासून झाला. काचेच्या पेटीत साडेदहा सेंटिमीटर उंचीची ती कांस्याची मुलगी. १९२६ साली सापडली. एक हात कमरेवर, डावा हात मनगटापासून दंडापर्यंत बांगड्यांनी भरलेला, उजव्या हातात चारच बांगड्या, मान किंचित वर. "ही जगप्रसिद्ध नर्तकी," गाइड म्हणाली. मी विचारले, "ती नाचते आहे असे कशावरून?" ती हसली. म्हणाली, "खरं सांगायचं तर, सर, कशावरूनच नाही. उत्खनन करणाऱ्यांनी ते नाव दिलं, तेच चाललं." सडपातळ, विवस्त्र, सावळ्या धातूची, नजर खाली न घालणारी बाई दिसली की ती नाचणारीच असणार, असे विसाव्या शतकातल्या साहेबांना वाटले. सिंधू संस्कृतीची लिपी आजही वाचता आलेली नाही. त्या मुलीने स्वतःविषयी काही सांगितले असेल तर ते आपल्याला कळलेले नाही. तेव्हा तिच्याविषयी दुसरे बोलले, आणि दुसऱ्यांनी तिला कामाला लावले. हे मी तेथे बोललो नाही, मनात ठेवले. पुढे उपयोगी पडले.

मग आम्ही राजघराण्यांमधून चालू लागलो. मौर्य, शुंग, सातवाहन, कुषाण. ती पाहायला फार छान शिकवीत होती, हे मान्य केले पाहिजे. दगडावर शरीराचा भार कोणत्या पायावर आहे ते पाहा; वस्त्राच्या चुण्या कोठे खोल आणि कोठे नुसत्या रेषेच्या आहेत ते पाहा; मथुरेचा तांबडा दगड आणि गांधारचा करडा दगड यांत छिन्नीची चाल कशी बदलते ते पाहा. ३३ वर्षांत मी पुस्तकांतली चित्रे दाखवीत आलो, पण दगडाकडे असे पाहायला मला कोणी सांगितले नव्हते. तरी प्रत्येक शिल्पापाशी तिचे पहिले वाक्य राजघराण्याचे असे. शुंगांच्या काळात असे झाले, कुषाणांनी तसे केले. जणू कनिष्क स्वतः हातोडा घेऊन बसला होता.

आणि मग तो समोर आला. मीटरभर उंचीचा बुटका यक्ष. सुटलेले पोट, गळ्यात ठसठशीत अलंकार, कानांत कुंडले, डोक्यावरचे पसरट पात्र हातांनी सावरलेले आणि चेहऱ्यावर असे हसू, की भार वाहणारा माणूस त्या भाराचीच थट्टा करतो आहे असे वाटावे. "पितळखोरा, इसवी सनापूर्वी दुसरे शतक," ती म्हणाली. "तुमच्याकडचाच आहे, सर." मग दोन मिनिटे यक्ष म्हणजे काय, धनाचे आणि सुबत्तेचे लोकदैवत बौद्ध लेण्यांच्या दाराशी कसे आले, हे सांगून ती म्हणाली, "आणि एक गंमत. उजव्या हाताकडे या. तळव्याच्या मागच्या बाजूला कलाकाराने सही केली आहे." आणि तिने ते पाठ म्हणून दाखवले : कण्हदासेन हिरंनकारेन कता. कण्हदास नावाच्या सोनाराने केला. एवढे बोलून ती पुढच्या शिल्पाकडे वळलीसुद्धा.

मी तेथेच उभा राहिलो. तीन शब्द. हीही कर्मणी रचनाच. पण येथे कर्ता तृतीयेत ताठ उभा आहे : 'कण्हदासाने'. नाव आधी, धंदा नंतर, क्रियापद शेवटी. माझ्या फळ्यावरच्या वाक्यातून मी जो शब्द ३३ वर्षे गाळत होतो तो दोन हजारांवर वर्षांपूर्वी एका कारागिराने स्वतःच दगडात कोरून ठेवला होता. तो प्राकृतात होता, म्हणजे लोकांच्या बोलीत, आपल्या मराठीच्या वंशावळीतल्या भाषेत. पितळखोऱ्याचा ढिगारा उपसताना हा यक्ष विहाराच्या अंगणात सापडला आणि म. न. देशपांडे यांनी १९५९ साली त्याचा वृत्तांत प्रसिद्ध केला. म्हणजे माझ्या जन्माआधीच कण्हदासाचे नाव छापून आले होते. ते माझ्यापर्यंत पोहोचायला मला दिल्लीला जावे लागले, आणि तेही 'एक गंमत' म्हणून.

मी तिला परत बोलावले. ती म्हणाली, "सर, वेळ थोडा आहे. गुप्तकाळ राहिला आहे अजून." मी म्हणालो, "गुप्तकाळ थांबेल. मला एवढंच सांग, तू याला गंमत का म्हणालीस?"

तिला राग आला नाही. थोडा विचार करून म्हणाली, "लोकांना आवडतं म्हणून. राजांच्या इतक्या नावांनंतर एक माणूस भेटल्यासारखं वाटतं त्यांना."

"मग याच्यापासूनच सुरुवात का करत नाहीस?"

"काळ सांगायला राजघराणं लागतं, सर. कण्हदासाने तारीख कुठे लिहिली आहे?"

उत्तर बिनतोड वाटावे असे होते. शिक्षक म्हणून मीही हेच दिले असते. पण त्याच वेळी ध्यानात आले, की तारीख राजानेही लिहिलेली नाही. पितळखोऱ्याचा काळ ठरला आहे तो ब्राह्मी अक्षरांच्या वळणावरून आणि शिल्पाच्या घडणीवरून. तेथल्या लेखांत एकाही राजाचे नाव नाही. चैत्यगृहाच्या खांबांवर नावे आहेत ती पतिठानच्या, म्हणजे आपल्या पैठणच्या, मितदेव गंधिकाच्या कुळाची आणि संघकाच्या मुलांची. गंधिक म्हणजे सुगंधी द्रव्यांचा व्यापारी. विहारात नाव आहे मगिल नावाच्या राजवैद्याचे, त्याच्या मुलीचे, मुलाचे. राजाचा वैद्य आहे, राजा मात्र नाही! वैद्याला राजाचे नाव लिहिण्याची गरज वाटली नाही. ती गरज पुढे आम्हा इतिहास सांगणाऱ्यांना वाटली. सातवाहन हे नाव आम्ही त्या डोंगराला बाहेरून चिकटवले. काळाची खूण म्हणून चिकटवले आणि बघता बघता ते मालकीची पाटी होऊन बसले. योगायोग असा, की सातवाहनांच्या आरंभीच्या राजांत एक कण्ह आहे. नाशिकच्या लेण्यात त्याचे नाव आहे. पाठ्यपुस्तकात कण्ह राजा आहे. कण्हदास कारागीर नाही.

गाइडने आपली वही काढली आणि मितदेव, मगिल ही नावे लिहून घेतली. मला संकोच वाटला. शिकवणे माझ्या अंगात मुरले आहे. पण मुलीने माझा हात धरला आणि म्हणाली, "बाबा, बोला."

मी बोललो नाही, कारण मला त्या क्षणी माझे वडील आठवत होते. १९७२ चा दुष्काळ. मी तेव्हा आठ वर्षांचा. मराठवाड्यात रानात काही उरले नव्हते. रस्त्यांची, तलावांची दुष्काळी कामे निघाली होती. आई, वडील, थोरला भाऊ, सगळे खडी फोडायला. दुपारी सुकडी मिळायची, ती मी न्यायला जात असे. वडिलांच्या उजव्या हाताला, अंगठ्याच्या मुळाशी हातोडीच्या दांड्याने पडलेला घट्टा होता. तो त्यांच्या मरणापर्यंत गेला नाही. आठवड्याला मस्टर यायचे आणि वडील त्यावर त्याच हाताचा अंगठा उमटवायचे. त्या रस्त्याने आज एस. टी. जाते, उसाच्या गाड्या जातात. रस्त्याच्या उद्घाटनाच्या दगडावर नावे आहेत ती मंत्र्यांची आणि सभापतींची. मस्टर कोठे गेले असेल? वाळवीने खाल्ले असेल किंवा रद्दीत गेले असेल. म्हणजे 'रस्ता बांधला गेला'.

दोन हजार वर्षांचे अंतर ठेवून हे दोन हात मी शेजारी शेजारी ठेवतो आहे, हे मला ठाऊक आहे. इतिहासाच्या शिक्षकाने असे करताना सावध असावे. म्हणून पुराव्याकडे वळतो.

कण्हदास एकटा नाही. सांचीच्या स्तूपाच्या दक्षिण तोरणावर विदिशेच्या हस्तिदंती काम करणाऱ्यांनी आपण हे रूपकर्म केले असे कोरले आहे. त्याच तोरणावर राजा सातकर्णीच्या कारागिरांचा मुख्य, वासिष्ठीचा पुत्र आनंद, याचे दान नोंदलेले आहे. जुन्नरच्या एका लेखात बांबूकाम करणाऱ्यांच्या श्रेणीकडे आणि कांस्यकारांच्या श्रेणीकडे धर्मकार्याचा निधी ठेवल्याची नोंद आहे. पैसा ठेवायचा तर विश्वास लागतो. तो विश्वास बांबू सोलणाऱ्यांच्या संघटनेवर ठेवलेला आहे. आणि आंध्रातल्या अमरावतीच्या महास्तूपाच्या एका शिलापट्टावर दाता म्हणून नाव आहे विधिक चम्मकाराचे. चम्मकार म्हणजे चामड्याचे काम करणारा. तो नाग उपाध्यायाचा मुलगा आहे. आई, बायको, भाऊ, नाग नावाचा मुलगा, मुली, सगेसोयरे आणि मित्र यांच्यासह त्याने पूर्णघटाचा शिलापट्ट दिला आहे. बाप उपाध्याय, मुलगा चर्मकार, आणि त्याचे दान स्तूपाला! मनुस्मृतीच्या चौकटीत हे कुटुंब बसवून पाहा.

आता कलेतिहासाची एक लाडकी समजूत तपासू. ती अशी, की भारतीय कलावंत अनामिक होता, कारण त्याला अनामिकच राहायचे होते. त्याने अहंकार परंपरेत विसर्जित केला होता. वसाहतवादी साहेब भारतीय शिल्पाला तुच्छ लेखीत होते त्या काळात आनंद कुमारस्वामींसारख्या अभ्यासकाने त्या शिल्पाची थोरवी जगाला पटवली, हे ऋण मोठे आहे. पण त्याच कुमारस्वामींनी 'द इंडियन क्राफ्ट्समन' या १९०९ सालच्या पुस्तकात वंशपरंपरेने चालणाऱ्या, जातीत बांधलेल्या कारागिरीचाही गौरव केला. तेव्हापासून ही अनामिकता अध्यात्माचा दागिना घालून मिरवते आहे. नम्रता हा गुण खरा. पण ज्याच्या हाती लेखणी नव्हती त्याच्या वाट्याला ती नेहमी सक्तीने का येते? दान देणारा राजा नम्र नव्हता, प्रशस्ती रचणारा पंडित नम्र नव्हता, एकटा दगड फोडणारा तेवढा नम्र होता, हे पटण्याजोगे नाही. शिवाय ते वस्तुस्थितीला धरूनही नाही. कण्हदासानंतर १३००-१४०० वर्षांनी कर्नाटकात होयसळांच्या देवळांवर बेलूरला बळ्ळिगावेचा दासोज, त्याचा मुलगा चावण आणि सोमनाथपुरला मल्लितम्म यांनी आपली नावे कोरली. ज्यांना संधी मिळाली त्यांनी सही केली. अनामिकता वाचणाऱ्याने लादली, असे अनेकदा घडले आहे. मोहेंजोदडोच्या मुलीला नाव नव्हते तर साहेबांनी दिले. कण्हदासाला नाव होते तर आम्ही ते फळ्यावर येऊ दिले नाही.

दुसरी गोष्ट मला त्याहून महत्त्वाची वाटते. कण्हदास सोनार आहे आणि काम दगडाचे करतो आहे. विदिशेचे लोक हस्तिदंताचे कारागीर आहेत आणि तोरण दगडाचे घडवीत आहेत. यक्षाच्या गळ्यातले अलंकार जवळून पाहा, ते दागिने घडवणाऱ्या हाताने केले आहेत, असे गाइडच मला दाखवून म्हणाली होती. सोन्यावर चालणारा हात दगडावर चालला. जात ही श्रमिकांनाच एकमेकांपासून तोडून आपापल्या कोठडीत कोंडते, असे बाबासाहेबांनी १९३६ साली बजावले. या शिल्पांतल्या हातांना ती कोठडी निदान पुढच्यासारखी घट्ट झालेली दिसत नाही. दानाच्या लेखांत माणसाची ओळख बहुधा गाव, धंदा आणि आईबापाचे नाव अशी सांगितली जाते. दान देणारा कोणत्या वर्णाचा, हे सांगण्याची गरज त्यांना सहसा पडत नाही.

येथे माझ्या तरुण कार्यकर्ते मित्रांना थांबवले पाहिजे. सभेत बोलताना आपल्याला मोह होतो : 'बघा, बौद्ध काळात जात नव्हती. विधिक आमचाच, कण्हदासही आमचाच.' असे म्हणू नका. कण्हदासाची जात आपल्याला ठाऊक नाही. 'हिरण्यकार' हा धंदा आहे. आणि विधिकाच्या काळी चर्मकाराला मान होता असेही सरसकट म्हणता येत नाही. खुद्द विनयपिटकात हीन शिल्पांची यादी आहे. बुरुडकाम, कुंभारकाम, विणकाम, चर्मकाम आणि न्हाव्याचे काम अशी ती यादी. समाज या कामांना हिणवीत होता, हे त्यावरून उघड आहे. मात्र ती यादी कोठे येते हेही पाहिले पाहिजे. भिक्षूने कोणालाही जातीवरून, धंद्यावरून टोचून बोलू नये. बोलल्यास तो दोष होय, हे सांगणाऱ्या नियमाच्या विवरणात ती येते. म्हणजे रोग होता आणि त्यावर औषध देऊ पाहणारेही होते. अस्पृश्यता इसवी सन ४०० च्या सुमारास जन्माला आली, असा सिद्धान्त बाबासाहेबांनी १९४८ सालच्या ग्रंथात मांडला. विधिकाचा लेख त्याच्या आधीचा आहे. तो त्या सिद्धान्ताशी जुळतो. एकट्याने तो सिद्ध करीत नाही. बाबासाहेबांनी स्वतः पुरावा तोलूनमापून घेतला. त्यांच्या नावाने बोलणाऱ्यांनी घाऊक भावात इतिहास विकू नये.

पण याची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. जुन्नरला ज्यांच्या श्रेणीकडे ठेव होती त्या बांबूकामाचा धंदा करणारा बुरुड समाज आज महाराष्ट्रात अनुसूचित जातींच्या यादीत आहे. रक्ताची वंशावळ कोणी मांडू शकत नाही आणि मांडूही नये. धंद्याचा प्रवास मात्र मांडता येतो : ठेव सांभाळणाऱ्या श्रेणीपासून गावकुसाच्या कडेला टोपल्या विणत बसण्यापर्यंत. त्या प्रवासात कोणत्या वळणावर हातातला मान काढून घेतला गेला, हा आपल्या इतिहासाचा प्रश्न आहे. राजघराण्यांच्या दालनांतून चालताना तो कोणी विचारीत नाही. तो विचारायला हातांच्या बाजूने चालावे लागते.

दोन तास संपत आले होते. गुप्तकाळ खरोखरच राहून गेला. शेवटी आम्ही पिपरहवाच्या अस्थींपाशी आलो. थायलंडहून आलेल्या सोनेरी मंडपाखाली त्या ठेवलेल्या आहेत. गाइड उत्खननाची माहिती सांगू लागली आणि मुलीने आपसूक हात जोडले. मीही जोडले. गाइड गप्प राहिली. बाहेर पडताना म्हणाली, "सर, इथं लोक हात जोडतात तेव्हा मला कळत नाही बोलावं की थांबावं." मी म्हणालो, "थांबलीस ते बरं केलंस. पण यक्षापाशी बोल. तिथं घाई करू नकोस." ती म्हणाली, "आता तिथूनच सुरुवात करून बघेन. लोक काय म्हणतात पाहू." करील की नाही ठाऊक नाही. तिचे पोट त्या कामावर आहे, आणि राजांच्या गोष्टींना गिऱ्हाईक असते. तरी तिने नावे वहीत लिहिली होती. माझ्या वहीत ३३ वर्षांत तीही नव्हती.

परत आल्यावर जुन्या विद्यार्थ्यांपैकी अकरा जणांना घेऊन पितळखोऱ्याला गेलो. लहानपणी आमच्याकडे सांगत, की लेणी पांडवांनी एका रात्रीत कोरली. मोठेपणी मी सांगितले, सातवाहनांनी कोरली. दोन्ही कथांत घाम नाही. या वेळी पायऱ्या उतरताना मी काहीच सांगितले नाही. विहाराच्या जोत्यावरची हत्तींची रांग पाहिली. दरड कोसळून लेण्यांचे दर्शनी भाग गेलेले आहेत, पण चैत्याच्या खांबांवरची अक्षरे आहेत. आदल्या आठवड्यात मुलांना ब्राह्मी शिकवली होती. चाळीसेक मूळ अक्षरे, आठ दिवसांत येतात. आमच्यात एक मुलगा पैठणचा. खांबापाशी बराच वेळ बोट हवेत फिरवून तो एक एक अक्षर लावीत होता. प, ति, ठा, न. मग ओरडला, "सर, हे आमचं गाव!" यक्षाची जागा अर्थातच रिकामी होती. त्या अंगणात मी त्यांना कण्हदासाचे तीन शब्द वाळूत लिहून दाखवले.

शिक्षक मित्रांना माझी विनंती आहे. लेण्यांची सहल सगळ्याच शाळा नेतात. ती नेण्यापूर्वी मुलांना ब्राह्मी अक्षरे शिकवा, आणि तेथे गेल्यावर राजांची नावे न सांगता खांबांवरची नावे वाचायला लावा. कार्यकर्ते मित्रांना विनंती ही, की आपल्यातली चार मुले-मुली पुरातत्त्व आणि कलेतिहास शिकू द्या. कलेतिहास हा सुखवस्तूंचा विषय, असे म्हणून आपणच त्या दालनाच्या किल्ल्या दुसऱ्याला देऊन ठेवल्या आहेत. वाट दाखवणारा आपला असला म्हणजे तो आपल्याच बाजूचे सांगेल, अशी माझी अपेक्षा नाही. तशी असूही नये. त्याने पुरावा पाहावा आणि उजव्या हाताच्या मागे जायला विसरू नये, एवढेच पुरे.

फळ्यावरचे वाक्य मी आता दुरुस्त केले आहे. वर्ग नाही, फळा नाही, म्हणून येथे लिहितो : पितळखोऱ्याची लेणी ज्यांनी कोरली त्यांच्यापैकी एकाचे नाव कण्हदास होते. बाकीच्यांची नावे शोधायची आहेत. माझ्या वडिलांच्या हजेरीचे मस्टरही.